बिलात नवा फिल्टर, गाडीत जुनाच

आईला दमा आहे. गेल्या मे महिन्यात चिंचवडहून नाशिकला निघालो, एसी लावला आणि चाकणच्या पुढे तिला जो खोकला लागला तो काचा खाली केल्यावरच थांबला. घरी आल्यावर ग्लोव्ह बॉक्स रिकामा केला, दोन्ही बाजूंनी दाबून खाली उतरवला आणि मागचा एसीचा फिल्टर ओढून काढला. आयुष्यात पहिल्यांदाच. घड्यांमध्ये कडुलिंबाची वाळलेली पानं, थर बसलेली काळी धूळ आणि कोपऱ्यात उंदराच्या लेंड्या.

आधीच्या तिन्ही सर्व्हिसिंगच्या बिलांत 'एसी फिल्टर बदलला' असं छापलेलं आहे. दरवेळी साडेचारशे रुपये, मजुरी वेगळी.

पार्टच्या दुकानातून नवा फिल्टर आणून मीच बसवला. दहा मिनिटं लागली, पाना-पेचकस काही लागलं नाही. पुढच्या सर्व्हिसिंगला जाण्याआधी त्याच्या कडेवर निळ्या पेनाने तारीख लिहून ठेवली, इंजिनाच्या एअर फिल्टरवरही लिहिली. संध्याकाळी बिल आलं, त्यात दोन्ही फिल्टर नवे! तिथल्या तिथे, ॲडव्हायझरसमोरच ग्लोव्ह बॉक्स उतरवला. माझी तारीख जशीच्या तशी. "सर, पोराकडून राहून गेलं असेल," एवढंच तो म्हणाला. एअर फिल्टर उघडला, त्यावरही तेच. दोन्हींचे पैसे कापून मिळाले. आधीच्या तीन बिलांचा मात्र माझ्याकडे काही पुरावा नव्हता. पैशांपेक्षा, आई इतके दिवस ती घाण श्वासात घेत होती, हे मला जास्त लागलं.

आताच्या गाड्या सेन्सरवर चालतात, घरी हात लावू नये, असं लोक सांगतात. ब्रेक आणि एअरबॅगच्या बाबतीत ते अगदी खरं आहे. ऑइलही मी घरी बदलत नाही. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरणं जिवावर बेतू शकतं, आणि काढलेलं ऑइल गटारात ओतायचं नसतं. पण फिल्टर, वायपर, कूलंटची पातळी, टायरमधली हवा एवढं आपलं आपण पाहिलंच पाहिजे. पैसे थोडेच वाचतात, पण गाडीत काय आहे ते आपल्याला ठाऊक राहतं. पेट्रोल गाडी असेल तर सर्व्हिसिंगहून आल्याबरोबर डिपस्टिक, म्हणजे इंजिनातलं ऑइल मोजायची पट्टी, पुसून पाहा: ताजं ऑइल मधासारखं स्वच्छ दिसतं. डिझेलमध्ये नवं ऑइलही लगेच काळं पडतं, तिथे रंगावर जाऊ नका.

किल्ली देण्याआधी जॉब कार्डवर, म्हणजे वर्कशॉपवाले कामं लिहून घेतात त्या कागदावर, 'काढलेले पार्ट डिकीत ठेवणे' असं मी आता लिहूनच घेतो. दाद मिळाली नाही तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते; बिलं जपून ठेवा.

रविवारी सोसायटीतल्या काकांची गाडी उघडून पाहिली. वर्कशॉप वेगळं, बिल दोन महिन्यांपूर्वीचं, त्यात फिल्टर नवा. आतला पार काळा पडलेला होता. काकू रोज त्याच गाडीतून डायलिसिसला जातात.