ग्रेनेडाचं नागरिकत्व आणि तिथलं राहणं: काही महिन्यांच्या वापरानंतर

ग्रेनेडा या कॅरिबियन बेटदेशाचा, गुंतवणुकीच्या बदल्यात नागरिकत्व देणारा कार्यक्रम विकणारे एजंट समुद्राकाठची खोली आणि पासपोर्ट एकाच चित्रात दाखवतात. त्या खोलीत तुम्ही राहणार नसता. नागरिकत्वासाठी घेतलेली मालमत्ता वेगळी आणि राहायचं घर वेगळं. हे आधी डोक्यात पक्कं बसलं तर पुढचे निम्मे घोटाळे टळतात.

१ जुलै २०२४ पासूनचे दर असे. मान्यताप्राप्त पर्यटन प्रकल्पातला हिस्सा किमान २ लाख ७० हजार अमेरिकन डॉलरचा, एकट्याच्या नावावर स्वतंत्र मालमत्ता किमान ३ लाख ५० हजारांची. चार जणांपर्यंतच्या कुटुंबाला दोन्हीकडे ५० हजार डॉलर सरकारी शुल्क वेगळं, आणि ते परत मिळत नाही. मालमत्ता नकोच असेल तर तिथल्या सरकारच्या राष्ट्रीय परिवर्तन निधीला २ लाख ३५ हजार देऊन मोकळं होता येतं. सतरा वर्षं आणि त्यावरच्या प्रत्येकाच्या पार्श्वभूमी-तपासणीचे ५ हजार डॉलर, अर्जाची फी आणि वकील-एजंटचा खर्च कुठल्याही मार्गाने चुकत नाही.

आता नुसती वजाबाकी करा. हिस्सा घेतला तर ३ लाख २० हजार, निधीला दिले तर २ लाख ३५ हजार. मधले ८५ हजार डॉलर पाच वर्षांनी सुटतील या आशेवर मालमत्तेचा मार्ग उभा आहे. पाच वर्षं विकता येत नाही, हे सगळेच सांगतात. सहाव्या वर्षी गिऱ्हाईक कोण, हे कुणी सांगत नाही. स्थानिक माणूस हॉटेलातला तुकडा त्या भावाने घेत नाही. घेणार तो नागरिकत्व हवं असलेला पुढचा अर्जदार, आणि त्याला बिल्डर कोरा हिस्सा द्यायला तयारच असतो. म्हणजे जुना हिस्सा काढायचा तर भाव पाडावा लागतो. शिवाय नागरिक म्हणून विकताना ५ टक्के हस्तांतरण कर असतो. बाहेरच्यांना तो १५ टक्के आहे, तेवढा तुमचा वाचतो.

तरीही हिस्साच घ्यायचा असेल तर करारात चार गोष्टी शोधा. तुमच्या नावाने जमिनीच्या दप्तरी नोंद होणार की फक्त हॉटेलच्या कंपनीचे शेअर मिळणार? देखभाल खर्च कोण भरणार आणि तो दरवर्षी किती वाढू शकतो? एस्क्रोमधले, म्हणजे तिसऱ्याच्या ताब्यात राखून ठेवलेले पैसे बांधकामाच्या कुठल्या टप्प्यावर सुटतात? आणि परत विकत घेण्याची हमी दिली असेल तर ती नेमकी कोणाची? हमी देणारी कंपनी फक्त त्या एका प्रकल्पापुरती काढलेली असेल, तर त्या कागदाला किंमत नाही.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर भारतातल्या बँकेतही अडवतं. रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेत प्रत्येक निवासी व्यक्तीला आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलर बाहेर पाठवता येतात. एकट्याने ३ लाख २० हजार जात नाहीत. नवरा-बायको दोघांच्या मर्यादा जोडा, नाहीतर काही रक्कम ३१ मार्चच्या आत आणि उरलेली १ एप्रिलनंतर पाठवा. स्थावर मालमत्ता असेल तर बाहेर पैसे पाठवताना भरायच्या ए-टू फॉर्मवर एक कारण येतं. शेअर असतील तर परदेशी गुंतवणुकीच्या २०२२ च्या नियमांतल्या वेगळ्या तरतुदी लागतात, कागद वेगळे होतात आणि कोपऱ्यावरच्या शाखेतला अधिकारी फाइल बाजूला ठेवतो. कराराचा मसुदा हातात आला की सही करण्याआधीच बँकेच्या परकीय चलन विभागाकडून तपासून घ्या. तत्त्वतः मंजुरीचं पत्र आल्यावर पैसे भरायची मुदत सुरू होते, तेव्हा हा घोळ निस्तरायला वेळ उरत नाही. अशा रकमेसाठी बँक कर्जही देऊ शकत नाही.

टीसीएस, म्हणजे पैसे बाहेर पाठवताना बँक आधीच वसूल करते तो कर, तर बहुतेकांच्या हिशेबातच नसतो. वर्षाला माणशी १० लाख रुपयांच्या वर २० टक्के. डॉलर ८५ रुपये धरला तर ३ लाख २० हजार डॉलरचे २ कोटी ७२ लाख होतात. दोघांनी निम्मे-निम्मे पाठवले तरी ५० लाख ४० हजार रुपये टीसीएसमध्ये अडकतात. ते विवरणपत्रात वळते होतात किंवा परत मिळतात, पण तोवर ही रक्कम वेगळी हाताशी हवी.

कागदपत्रांत मराठी घरांची ठरलेली अडचण नावाची. जन्मदाखल्यावर आई ‘सुनंदा’, शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘सुनंदाबाई’, पासपोर्टवर लग्नानंतरचं आडनाव. वडिलांच्या नावापुढे कुठे ‘राव’ असतो, कुठे नसतो. तपासणी करणाऱ्याला या दोन वेगळ्या व्यक्ती दिसतात. नुसत्या प्रतिज्ञापत्रावर विसंबू नका. आधी महापालिकेत किंवा ग्रामपंचायतीत मूळ नोंद दुरुस्त करा, गरज असेल तिथे राजपत्रात नावबदल छापून घ्या, मग मंत्रालयातलं साक्षांकन आणि शेवटी परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून मारलेला शिक्का. क्रम उलटा झाला तर दुरुस्त दाखल्यावर सगळे शिक्के पुन्हा. पोलीस क्लिअरन्स अगदी शेवटी काढा, तो लवकर शिळा होतो. पूर्वी दुबई-सिंगापुरात राहिला असाल तर तिथलाही लागेल, आणि त्यालाच सर्वांत जास्त वेळ जातो.

पैशांचा उगम दाखवताना फ्लॅट विकलेला असेल तर नोंदणीकृत करार, इंडेक्स-टू, बँकेतली जमा आणि विवरणपत्रातला भांडवली नफा, चारही ठिकाणी आकडा एकच हवा. व्यवहारात रोख घेतलेली असेल तर फाइल इथेच संपते. मुलाखत ऑनलाइन होते आणि तिच्यात धंदा व पैसा यांबद्दलच विचारतात. पत्नी कंपनीत भागीदार असेल तर तिलाही उलाढाल सांगता यायला हवी. अर्ज घाईने टाकू नका. २०२३ मध्ये अमेरिकेशी ठरलेल्या तत्त्वांनुसार असा कार्यक्रम चालवणाऱ्या एका कॅरिबियन बेटाने नाकारलेला अर्जदार दुसऱ्या बेटाच्या कार्यक्रमातही घेतला जात नाही.

मंजुरीनंतरची एक तारीख फार महत्त्वाची आहे. नागरिकत्व कायदा १९५५ च्या कलम ९ नुसार परदेशी नागरिकत्व स्वेच्छेने घेतलं की भारतीय नागरिकत्व त्याच क्षणी संपतं. तो क्षण नोंदणी प्रमाणपत्राचा, नवा पासपोर्ट हातात पडण्याचा नव्हे. मधल्या काळात जुन्या भारतीय पासपोर्टवर प्रवास करणं गुन्हा आहे, आणि मुंबईत बसलेला माणूस व्हिसा नसलेला परदेशी ठरतो. त्यामुळे प्रमाणपत्र कधी निघणार हे एजंटकडून लेखी घ्या आणि त्या सुमाराला लग्न-मुंजीची तिकिटं काढू नका. नंतर भारतीय पासपोर्ट जमा करायचा, त्याचं प्रमाणपत्र घ्यायचं आणि मग ओसीआयचा, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणाऱ्या कार्डाचा अर्ज. ग्रेनेडात राहत असाल तर हे काम पोर्ट ऑफ स्पेनच्या भारतीय उच्चायुक्तालयाकडे जातं. मतदान जातं. गावची वडिलोपार्जित शेती ठेवता येते, सातबाऱ्यावर नाव राहतं, पण नवी शेतजमीन किंवा फार्महाउस घेता येत नाही, आणि असलेली शेती भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकता येते. शेतीवर जीव असलेल्या घरांनी हे आधी बसून बोलावं.

राहण्याबद्दल मात्र मनापासून चांगलं सांगण्यासारखं आहे. भाड्याची घरं ग्रँड आन्स, लान्स ओ एपिन आणि ट्रू ब्लू भागात बघा. ट्रू ब्लूला सेंट जॉर्जेस विद्यापीठाचं वैद्यकीय महाविद्यालय आहे, त्यामुळे ऑगस्ट आणि जानेवारीत सत्र सुरू होताना चांगली घरं झपाट्याने उठतात. घर बघताना आधी छताच्या कडेला खाली जाऊन वर बघा: वासा भिंतीला गॅल्वनाइज्ड पट्टीने जखडलेला दिसला पाहिजे. सप्टेंबर २००४ च्या आयव्हन वादळात बेटावरची बहुतेक घरं तडाख्यात सापडली, छपरं उडाली. १ जुलै २०२४ च्या बेरिल वादळाने ग्रेनेडाचंच कॅरियाकू बेट उद्ध्वस्त केलं. मग खिडक्यांची वादळी झडपं, आणि पंपासकट पाण्याची टाकी. कोरडा काळ जानेवारी ते मे. २०२४ मध्ये दुष्काळामुळे पाणीकपात झाली होती. खारट वाऱ्याने एसीचं बाहेरचं युनिट आणि फ्रिजची मागची बाजू गंजते, म्हणून ती कोणी बदलायची हे भाडेकरारात लिहून घ्या. विजेचा भाव जड आहे, एसी जपून.

वीज २३० व्होल्टची आहे. आपला मिक्सर प्लग बदलून चालतो, अमेरिकेतून ११० व्होल्टचं काही आणू नका. गाडी डावीकडून. एका अमेरिकन डॉलरला २.७० पूर्व कॅरिबियन डॉलर, हा दर १९७६ पासून बांधलेला आहे. किराणा बराचसा बाहेरून येतो आणि महाग पडतो, पण बाजारात अळू, नीरफणस, नारळ, हळद, जायफळ सगळं ताजं मिळतं. कोकणातल्या माणसाला स्वयंपाकघर परकं वाटत नाही. गंभीर आजारात मात्र त्रिनिदाद, बार्बाडोस किंवा मायामी गाठावं लागतं, म्हणून आरोग्य विम्यात एअर ॲम्ब्युलन्स हवीच. बँक खातं उघडायला नवा पासपोर्ट पुरत नाही: जुन्या बँकेचं पत्र, पत्त्याचा पुरावा आणि उगमाचे तेच कागद पुन्हा. अपोस्टिल केलेल्या प्रतींचा एक जास्तीचा संच जवळ ठेवा.

ग्रेनेडाच्या पासपोर्टवर युरोपातल्या शेंगेन देशांत व्हिसाशिवाय १८० पैकी ९० दिवस जाता येतं, पण ही सवलत कायमची धरू नका. असाच कार्यक्रम चालवणाऱ्या डॉमिनिका बेटाची ब्रिटनमधली व्हिसामाफी जुलै २०२३ मध्ये गेली. युरोपीय संघही आता असा कार्यक्रम हे सवलत थांबवण्याचं कारण मानतो. राहण्याची सक्ती २०२५ पर्यंत नव्हती, पण त्या वर्षी असे कार्यक्रम चालवणाऱ्या पाच बेटांनी मांडलेल्या सामायिक मसुद्यात पहिल्या पाच वर्षांत ३० दिवस राहण्याची अट होती.

आणि अमेरिकेच्या ई-टू, म्हणजे तिथे पैसे गुंतवून धंदा करणाऱ्याच्या व्हिसासाठी कोणी ग्रेनेडा सुचवत असेल तर डिसेंबर २०२२ चा अमेरिकन कायदा समोर ठेवा. गुंतवणुकीतून नागरिक झालेल्याने ई-टू मागण्याआधी सलग तीन वर्षं ग्रेनेडात वास्तव्य केलेलं असलं पाहिजे. हॉटेलातला हिस्सा त्यासाठी उपयोगी पडत नाही. तीन वर्षांचं भाडं, वीज, विमा आणि मुलांची शाळा हे सगळं पहिल्याच दिवशी त्या ३ लाख २० हजारांच्या खाली लिहा, आणि मग बेरीज बघून ठरवा.