गाडीवरचे बाहेरचे भाग: घरी बसवावेत की दुकानात?

बाहेरून विकत आणलेले भाग गाडीवर स्वतः बसवावेत की दुकानातून बसवून घ्यावेत, हा प्रश्न बहुतेकजण मजुरीच्या हिशेबाने सोडवतात. पुण्यात नाना पेठेत किंवा मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर वस्तू पसंत पडली, की दुकानदार बसवण्याची मजुरी सांगतो आणि आपण मनातल्या मनात तिची तुलना सोसायटीच्या पार्किंगमधल्या एका रविवारच्या सकाळशी करतो. माझ्या मते मजुरीचा विचार शेवटी करावा. काम फसले तर गाडी पूर्वीसारखी करता येईल का, आणि ते फसल्याचे गाडी उभी असताना कळेल की धावत असताना, हे दोन प्रश्न आधी विचारले तर निवड पुष्कळ सोपी होते.

या कसोटीवर धुऊन पुन्हा वापरता येणारा एअर फिल्टर निःशंकपणे घरचे काम ठरतो. मूळ डब्याच्या क्लिपा उघडायच्या, जुना काढायचा आणि नवा ठेवायचा, एवढेच ते आहे. मात्र त्याने ताकद वाढल्याचे चालकाला जाणवेल अशी अपेक्षा ठेवू नये. तेल लावायच्या फिल्टरला हात सैल सोडून तेल पाजले, तर ते पुढे हवामापक सेन्सरवर बसते आणि इंजिनाचा हिशेब बिघडवते.

हॉर्नचे काम मात्र नीट समजून घेण्यासारखे आहे. अनेक लहान गाड्यांना कारखान्यातून एकच हॉर्न येतो आणि त्याची वायर तेवढ्याच भाराच्या हिशेबाने दिलेली असते. दोन दणकट हॉर्न मिळून दहा अँपिअरच्या आसपास वीज ओढू शकतात, म्हणून मध्ये रिले, म्हणजे थोड्या विजेच्या इशाऱ्यावर जास्त वीज चालू-बंद करणारा स्विच, लागतो. हॉर्नची जुनी वायर रिलेच्या 86 क्रमांकाच्या पिनवर, 85 गाडीच्या बॉडीला अर्थ, 30 वर बॅटरीकडून फ्यूजमार्गे आलेली जाड वायर आणि 87 वरून दोन्ही हॉर्न, अशी ही जोडणी असते. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरातच असावा, कारण बॅटरी आणि फ्यूज यांच्यामधली वायर कुठे घासून उघडी पडली तर तिला वाचवणारे काहीच नसते.

दुकानातला कारागीर हे काम अर्ध्या तासात उरकतो, आणि अडचण नेमकी त्या घाईतच असते. मी एकदा एका दुकानात हॉर्न बसवून घेतले होते. पुढच्या पावसाळ्यात हॉर्न अधूनमधून आपणहून वाजू लागला, तेव्हा बॉनेट उघडून पाहिले. मूळ वायर ब्लेडने सोलून, तिला नवी वायर पीळ देऊन गुंडाळलेली होती आणि त्यावरची काळी टेप उन्हाने सुटून लोंबत होती. आत तांब्यावर हिरवट थर चढला होता. घरी हेच काम करणाऱ्याला दोन तास लागतील. पण कपलर टू कपलर, म्हणजे गाडीच्या मूळ प्लगलाच जोडला जाणारा, वायरिंगचा तयार संच आणला, तर मूळ वायरला पातेही लावावे लागत नाही, आणि वॉरंटीवरून वाद होण्याची शक्यताही बरीच कमी होते. म्हणून हॉर्नच्या बाबतीत मी घरच्या बाजूने आहे. ज्याला रिलेची आकृती वाचून उमजत नाही, त्याने हाच संच दुकानात न्यावा आणि वायर कापायची नाही असे आधीच बजावावे.

हेडलाइटमध्ये बल्ब बदलणे सोपे आणि निवड कठीण आहे. एच 4 बल्बचा ठरलेला भार अप्परला 60 आणि डिपरला 55 वॅट असतो. बाजारात 100/90 वॅटचेही मिळतात. 12 व्होल्टवर अप्परचे दोन मिळून जवळजवळ 17 अँपिअर ओढतात, नियमात बसत नाहीत आणि उष्णतेने रिफ्लेक्टर खराब करतात. हॅलोजनसाठी घडवलेल्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी बल्ब घातला, तर उजेडाचा उगम मूळ जागी नेमका बसतोच असे नाही आणि समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत झोत जाऊ शकतो. जुन्या गाडीचा उजेड मंद वाटत असेल, तर मूळ वॅटचाच नवा बल्ब आणि रिलेसह जाड वायरिंग हा उपाय मला अधिक पटतो. हे घरी करताना भिंतीसमोर गाडी उभी करून जुन्या डिपरची वरची कड खडूने आखून ठेवावी आणि बदलानंतर त्याच जागेवरून पडताळावी. दुकानात इतका वेळ कोणी देत नाही.

अलॉय व्हीलचा निर्णय अर्धा-अर्धा आहे. टायर चढवणे आणि बॅलन्सिंग यांना यंत्र लागते, तिथे दुकानाला पर्याय नाही. पण माप आपण घरूनच ठरवून जावे. 2018 च्या पिढीतल्या स्विफ्टला खालच्या प्रकारांत 165/80 आर 14 आणि वरच्या प्रकारांत 185/65 आर 15 टायर मिळत, आणि दोन्हींचा बाहेरचा व्यास साधारण 62 सेंटिमीटरच भरतो. त्याऐवजी 195/65 आर 15 घातले, तर चाक सुमारे दोन टक्के मोठे होते आणि स्पीडोमीटर तेवढाच कमी वेग दाखवतो. नट आवळताना दुकानातली हवेची गन बऱ्याचदा गरजेपेक्षा जास्त जोर लावते. मी टायरवाल्याकडून चाके बसवून घेतो आणि शेवटचा पीळ मॅन्युअलमधल्या आकड्यानुसार स्वतःच्या टॉर्क रेंचने, म्हणजे ठरवलेल्या जोराइतकेच आवळणाऱ्या पान्याने, देतो.

शोभेच्या भागांत टेपने चिकटणारे साइड मोल्डिंग घरी उत्तम बसते, फक्त पृष्ठभाग स्पिरिटने पुसून घ्यावा आणि पहिला दिवस पाणी लागू देऊ नये. डिकीला भोके पाडून लावायचा स्पॉयलर मात्र घरी नकोच, आणि खरे तर दुकानातही नको; उघड्या पडलेल्या पत्र्याला गंज लागायला कोकणातला एक पावसाळा पुरतो. सीटमध्ये साइड एअरबॅग असेल, तर तिच्यासाठी खास शिवण ठेवलेलेच कव्हर घ्यावे, मग ते कोणीही चढवो.

कायद्यापुढे घर आणि दुकान असा भेद नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 चा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये, उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येणार नाही, असे स्पष्ट केले. आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. पकडले गेल्यावर दुकानदार सोबत उभा राहत नाही. दुकानाचा एक खरा फायदा मात्र मान्य करायला हवा. नियमात बसणारी विजेची उपकरणे विमा पॉलिसीत नोंदवायची असतील, तर पक्के बिल हाताशी असलेले बरे. त्यामुळे घरी बसवायची वस्तूही जीएसटीच्या बिलावरच घ्यावी, आणि बिल देत नसलेल्या दुकानाने मजुरी कितीही कमी सांगितली तरी तिथे गाडी लावू नये.