जुन्या गाडीला एअर सस्पेन्शन: काही महिने चालवल्यानंतर

वेगळ्या चासीची जुनी गाडी, पुढे कॉइल स्प्रिंग, मागे पाटे. चारही चाकांना त्यांच्या जागी एअर बॅग, म्हणजे हवा भरलेल्या रबरी पिशव्या, बसवून आता बरेच महिने झाले आणि या काळात गाडी भरपूर चालली. बटण दाबून ती जमिनीपर्यंत खाली आणायची हौस लवकर फिटली. टिकला तो चालण्यातला फरक, आणि तो माझ्या अपेक्षेहून मोठा आहे.

पोलादी स्प्रिंगचा ताठपणा ठरलेला असतो. मागे तीन माणसं आणि भरलेली डिक्की असली की पाटे दबायचे, नाक वर जायचं, हेडलाइटचा झोत समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जायचा. बॅगेत मात्र वजन वाढलं की दाब वाढवता येतो आणि दाबाबरोबर ताठपणाही वाढतो. त्यामुळे उंची तीच राहते आणि भरलेली गाडीही जवळपास रिकाम्या गाडीसारखीच डुलते. जुन्या सांगाड्याला बसणारे दणके कमी झाले, दारांची खडखड कमी झाली. मला तरी सगळा खटाटोप यासाठीच वसूल वाटतो.

पण बॅग फक्त वजन पेलते, हेलकावे शमवत नाही. ते काम शॉकअबचं (शॉक अॅब्झॉर्बर). थकलेल्या शॉकअबवर नव्या बॅगा बसवल्या तर गाडी बोटीसारखी हिंदकळेल. शिवाय मागचे पाटे अॅक्सलला जागेवर धरूनही ठेवतात. ते काढले की अॅक्सल धरायला चार दांड्यांची जोडणी (चार लिंक), किंवा पुढेमागे धरणारे ट्रेलिंग आर्म आणि आडवा धरणारा पॅनहार्ड रॉड लागतो, आणि त्यांचं वेल्डिंग जाणत्या माणसाकडूनच करून घ्यावं. बॅग कशालाही घासता कामा नये, पूर्ण फुगलेली असताना आणि पूर्ण रिकामी असतानाही. तसंच बंप स्टॉप, म्हणजे सस्पेन्शन पूर्ण दबल्यावर टेकायचे रबरी ठोकळे, हवेतच. हवा गेली तर गाडी त्यांवर टेकली पाहिजे, बॅगेवर नाही.

डावी-उजवी बॅग एकाच नळीवर ठेवू नका. वळणावर बाहेरच्या बॅगेतली हवा आतल्या बाजूला पळते आणि गाडी आणखी कलते. प्रत्येक चाकाला वेगळा व्हॉल्व्ह घ्या, थोडं काम वाढलं तरी चालेल.

सगळ्यात कमी बोललं जातं ते उंचीबद्दल. आधी प्रवासाची एक उंची ठरवा आणि अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणं, त्याच उंचीवर करून घ्या. गाडी खाली घेतली की कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) आणि टो (चाकाचं पुढचं टोक आत की बाहेर वळलेलं) दोन्ही बदलतात. तशीच चालवत राहिलात तर टायर एका कडेने झिजतात. गिअरबॉक्सपासून मागच्या अॅक्सलला फिरवणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचा कोन आणि ब्रेकच्या रबरी नळ्यांची लांबी सगळ्यात वरच्या आणि सगळ्यात खालच्या उंचीला तपासा.

देखभाल किरकोळ आहे, पण टाळता येत नाही. कॉम्प्रेसरने दाबलेल्या हवेतलं पाणी हवेच्या टाकीच्या तळाशी साचतं. ते नियमित सोडलं नाही तर व्हॉल्व्ह गंजतात, कडाक्याच्या थंडीत गोठतातही. रात्रभर उभी गाडी एका कोपऱ्यात बसलेली दिसली की प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावून बघायचं. बहुतेक वेळा बॅग ठीक असते, गळते ती जोडाशी. नळीचं टोक तिरकं कापलेलं असतं. हे दुखणं जुनंच आहे. १९५७ च्या कॅडिलॅक एल्डोराडो ब्रोहॅमला कारखान्यातूनच एअर सस्पेन्शन होतं आणि गळतीला कंटाळून अनेक मालकांनी पुढे कॉइल स्प्रिंग बसवल्या. आजच्या बॅगा आणि नायलॉनच्या नळ्या त्या काळापेक्षा खूपच भरवशाच्या आहेत.

विजेचा विचार मात्र आधी करा. कॉम्प्रेसर सुरू असताना वीस-तीस अँपिअर सहज ओढतो. जुन्या गाडीत अजून डायनॅमो असेल तर आधी अल्टरनेटर बसवा, कॉम्प्रेसरला स्वतंत्र रिले आणि फ्यूज द्या, जाड वायर थेट बॅटरीपासून घ्या. कॉम्प्रेसर रबरी बुशांवर बसवला की त्याची घरघर आत फारशी येत नाही. टाकी थोडी मोठी घेतली की तो वारंवार सुरूही होत नाही.