सेलेरॉन ९०० की पेंटियम टी४४००? जुना लॅपटॉप घेताना दुसऱ्या कोअरचं मोल

भाच्याचा दुकानातूनच फोन आला. "मामा, दोन लॅपटॉप समोर ठेवलेत. दिसायला सारखेच, स्क्रीनही सारखी. एकात सेलेरॉन ९०० आहे, दुसऱ्यात पेंटियम टी४४००. पेंटियमचे सातशे रुपये जास्त सांगतोय. देऊ का?"

त्याला लॅपटॉप हवाय स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासाला. एका बाजूला लेक्चरचा व्हिडिओ, दुसऱ्या बाजूला पीडीएफ, मध्ये नोट्स टाइप करायच्या. नवीन यंत्राचं बजेट नाही. सेलेरॉन ९००सारखा सिंगल-कोअर, म्हणजे प्रोसेसरमध्ये प्रत्यक्ष काम करणारा भाग (कोअर) एकच असलेला लॅपटॉप आता कोणी नवीन विकत नाही, त्यामुळे हा प्रश्न उरलाय तो फक्त सेकंडहँड बाजारात: पुण्याच्या तापकीर गल्लीत, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा ओळखीच्या रिपेअरवाल्याकडे.

गंमत म्हणजे त्याच्यासमोर पडलेली जोडी तुलनेसाठी अगदी आदर्श आहे. दोन्ही प्रोसेसर इंटेलचे, २००९ सालचे. दोन्हींचा वेग २.२ गिगाहर्ट्झ. दोन्हींना १ एमबी एल-टू कॅश (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी), ८०० मेगाहर्ट्झची बस (बाकी यंत्राशी बोलायची वाट), ४५ नॅनोमीटरची घडण, दोन्ही ६४-बिट. उष्णतेची मर्यादासुद्धा सारखीच, ३५ वॅट. मोठा फरक एकच: सेलेरॉनमध्ये एक कोअर, पेंटियममध्ये दोन. एरवी वेग वेगळा, कॅश वेगळी, पिढी वेगळी, मग फरक नेमका कशामुळे पडतोय हे कळायला मार्ग नसतो. इथे तो कळतो.

आधी एक गैरसमज दूर करू. दोन कोअर म्हणजे २.२ अधिक २.२, असं मिळून ४.४ गिगाहर्ट्झ नव्हे, दुकानदार काहीही सांगो. एखादा प्रोग्राम आपलं काम एकाच धाग्यात (थ्रेडमध्ये), म्हणजे एकामागून एक अशा एकाच रांगेत करत असेल, तर तो दोन्ही यंत्रांवर जवळपास सारख्याच वेगाने चालेल. पत्र टाइप करणं, बिल छापणं, पेनड्राइव्हवर फोटो उतरवणं, जुनं अकाउंटिंगचं सॉफ्टवेअर, यांत सातशे रुपयांचा फरक शोधूनही सापडणार नाही. दुकानात बसून फक्त हिशोब लिहिणाऱ्याला मी सेलेरॉनच घे म्हणेन.

आणि एक कोअर असला म्हणजे एका वेळी एकच प्रोग्राम चालतो, असंही नाही. विंडोज प्रत्येक प्रोग्रामला काही मिलिसेकंदांची पाळी देतं, आणि पाळ्या इतक्या भराभर फिरतात की सगळं एकदम चाललंय असं वाटतं. पंगतीत एकच वाढपी असला तरी सगळ्यांच्या पानात भात पडतोच. पण एखाद्या पाहुण्याला जिलेबीचा आग्रह सुरू झाला की बाकीची पंगत ताटकळते.

जिलेबीचे असे पाहुणे लॅपटॉपमध्ये पुष्कळ असतात, आणि बहुतेक न बोलावता आलेले. अँटिव्हायरसचं स्कॅनिंग, मागून उतरणारे अपडेट, फाइलींची सूची करणारी सेवा. सेलेरॉनवर यातलं एखादं सुरू झालं की टाइप केलेली अक्षरं थांबून थांबून, मग एकदम चार-चार उमटतात. पेंटियमवर तेच स्कॅनिंग एका कोअरवर चालू राहतं आणि आपलं टाइपिंग दुसऱ्यावर. स्कॅनिंग काही लवकर संपत नाही, पण ते चाललंय हे जाणवतही नाही.

फरक सगळ्यात ठळक दिसतो तो काहीतरी अडकतं तेव्हा. ब्राउझरमधलं एखादं पान बिघडतं आणि प्रोसेसर अडवून बसतं. सिंगल-कोअरवर टास्क मॅनेजरचा (प्रोसेसर किती गुंतलाय ते दाखवणाऱ्या विंडोजच्या खिडकीचा) आकडा १०० टक्क्यांना भिडतो, आणि तो टास्क मॅनेजर उघडायलाच चहा पिऊन यावं लागतं. ड्युअल-कोअरवर तेच बिघडलेलं पान बहुधा ५० टक्क्यांवर थांबतं, कारण एका धाग्याला एकाच कोअरवर जागा. पंखा घुं घुं करायला लागतो, पण आपण शांतपणे ते पान बंद करू शकतो. वेगापेक्षा मला दुसऱ्या कोअरची ही बाजू महत्त्वाची वाटते: यंत्र तुमचं ऐकत राहतं.

भाच्याच्या दृष्टीने खरा मुद्दा मात्र व्हिडिओचा. यूट्यूब आता बरेचसे व्हिडिओ व्हीपी९ नावाच्या नव्या पद्धतीने पाठवतं. २००९च्या लॅपटॉपमधल्या ग्राफिक्स चिपला ती उलगडता येत नाही, म्हणून सगळा भार प्रोसेसरवर येतो. हे काम अनेक धाग्यांत वाटता येणारं असल्याने इथे दुसरा कोअर पुरेपूर राबतो. माझ्या अनुभवात सेलेरॉनवर ३६०पी, फार तर ४८०पी बरं चालतं, आणि तेही दुसरं काही उघडलेलं नसेल तर. बाजूला जड पीडीएफ सरकवली की आवाज पुढे आणि चित्र मागे. पेंटियमवर ४८०पी आणि पीडीएफ सोबत नांदतात. ब्राउझरला एच२६४फाय हे एक्स्टेंशन जोडून यूट्यूबला जुन्या पद्धतीचा व्हिडिओ द्यायला लावलं, तर दोन्ही यंत्रांना थोडा श्वास मिळतो.

ऑनलाइन क्लास याहून अवघड. त्यात आपला कॅमेरा, समोरच्यांचा व्हिडिओ आणि आवाज हे सगळं एकाच वेळी सांभाळायचं असतं. झूमच्या जुन्या अटींत किमान एक कोअर चालेल म्हटलं होतं, पण शिफारस होती २ गिगाहर्ट्झच्या ड्युअल-कोअरची. सेलेरॉनवर मीटिंगमध्ये बसता येतं, बोलायची वेळ आली की आवाज तुटतो.

बॅटरीचं थोडक्यात सांगतो. ३५ वॅट ही कुलिंगसाठी धरलेली मर्यादा आहे, रोजचा खप नव्हे. पंधरा वर्षांच्या लॅपटॉपची बॅटरी तशीही मेलेलीच असते. चार्जर लावूनच बसायचंय.

आता जे दुसऱ्या कोअरनेही सुटत नाही ते. मघाची पंगत आठवा. वाढपी दोन झाले, पण आत पुऱ्याच तळून झाल्या नसतील तर दोघेही रिकाम्या टोपल्या घेऊन उभे राहणार. २ जीबी रॅम आणि जुनी फिरती हार्ड डिस्क असलेल्या लॅपटॉपमध्ये नेमकं हेच होतं. रॅम भरली की विंडोज डिस्कवर सामान ठेवायला लागतं, डिस्क खरखरत राहते आणि प्रोसेसर वाट बघत बसतो. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर २० टक्क्यांवर आणि तरी सगळं ठप्प, असं दिसलं तर दोष कोअरचा नाही. तिथे ४ जीबी रॅम आणि एखादी १२० जीबीची एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) सातशे रुपये जास्त देऊन घेतलेल्या पेंटियमपेक्षा जास्त फरक पाडेल.

मग एसएसडीवाला सेलेरॉन घ्यावा की हार्ड डिस्कवाला पेंटियम? मी पेंटियम घेईन. रॅम आणि एसएसडी पुढे कधीही, पेचकसाने दहा मिनिटांत बसते. प्रोसेसर बदलणं त्या मानाने खटपटीचं. अशक्य नाही, कारण हे दोन्ही सॉकेट पी नावाच्या एकाच खाचेत बसतात, सोल्डर केलेले नसतात. पण लॅपटॉप उघडायचा, थर्मल पेस्ट लावायची, आणि त्या मॉडेलचा बायोस (लॅपटॉप सुरू करणारं आतलं सॉफ्टवेअर) नवा प्रोसेसर ओळखेल की नाही ही धाकधूक वेगळीच.

मात्र नुसत्या 'ड्युअल-कोअर' या स्टिकरवर भुलू नका. २०१०च्या आसपासच्या छोट्या नेटबुकांत इंटेलचा अॅटम एन५५० प्रोसेसर असतो. कोअर दोन, वेग १.५ गिगाहर्ट्झ, पण घडण इतकी काटकसरीची की कुठलंही एक काम सिंगल-कोअर सेलेरॉन ९०० त्याच्या आधी उरकतो. त्याहून जुना अॅटम एन२७० तर फसवतोच: कोअर एक, पण हायपर-थ्रेडिंगमुळे (एकाच कोअरवर दोन धागे चालवायच्या युक्तीमुळे) विंडोज ७च्या टास्क मॅनेजरमध्ये आलेख दोन दिसतात, आणि दुकानदार बोट दाखवून सांगतो, "बघा, ड्युअल-कोअर!" सीपीयू-झेड हे मोफत सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवर घेऊन जा. त्यात खाली कोअर आणि थ्रेड यांचे आकडे वेगवेगळे लिहिलेले असतात. कोअरचा वाचा.

विंडोज ११ची आशा दोन्हींसाठी सोडा. किमान दोन कोअर ही अट पेंटियम पुरी करतो, पण मान्य प्रोसेसरांच्या यादीत तो नाही आणि टीपीएम २.० या सुरक्षा-चिपचं काय करणार? विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. त्यामुळे भाच्याला मी विंडोजऐवजी लिनक्स मिंट या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती टाकून देणार आहे, आणि ती चालवायलाही दोन कोअर असलेले बरे. थोडक्यात, त्याला म्हटलं, सातशे दे, पण आधी साडेचारशेला मागून बघ.

तुमचा निर्णय होत नसेल तर घरच्याच लॅपटॉपवर सिंगल-कोअरची चव घेता येते. विंडोजमध्ये एमएसकॉन्फिग उघडा, बूट टॅबमधल्या प्रगत पर्यायांत जा, प्रोसेसरांच्या संख्येपुढे टिक करून ती १ करा आणि रीस्टार्ट करा. तासभर नेहमीची कामं करा. आजचा कोअर जुन्या सेलेरॉनपेक्षा कितीतरी वेगवान असतो, तरी एकट्याची दमछाक कशी होते ते समजतं. नंतर ती टिक आठवणीने काढा. मी हा प्रयोग ताईच्या लॅपटॉपवर केला आणि टिक काढायची राहिली. पंधरा दिवसांनी तिचा फोन आला, "अरे, तू काय टाकलंस यात? व्हायरस आलाय बहुतेक."