मापाचा कृत्रिम डोळा: वर्षभर वापरल्यानंतर

कृत्रिम डोळा म्हटलं की लोकांना काचेची गोटी आठवते. प्रत्यक्षात ती मागून खोलगट अशी पातळ वाटी असते, आणि आता बहुतेक ठिकाणी काचेचीही नसते. दातांची कवळी ज्या ॲक्रिलिकची करतात त्याचीच ही असते. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीतून काचेचे डोळे येणं थांबलं, तेव्हा अमेरिकी सैन्यातल्या दंततंत्रज्ञांनी ॲक्रिलिकचे डोळे करायला घेतले. गोल गोळा असतो तो वेगळा. तो शस्त्रक्रियेत खोबणीत कायमचा बसवतात, आणि ही वाटी त्याच्यापुढे, पापण्यांच्या आत राहते.

माझा डावा डोळा कुळागरात, म्हणजे आमच्या माडा-पोफळींच्या बागेत, गवत कापायच्या यंत्राखालून उडालेल्या खड्यानं गेला. अशा जखमेमुळे क्वचित चांगल्या डोळ्यालाही सूज येते, असं डॉक्टरांनी समजावलं आणि डावा डोळा काढायचं ठरलं. त्याबद्दल इथं जास्त लिहीत नाही.

जखम भरल्यावर पहिला डोळा मिळाला तो तयार. पेटीत मांडून ठेवलेल्यांतला रंगाला जवळचा उचलला आणि बसवला. तो कडेला टोचायचा, त्याच्यामागे पाणी साचायचं, सकाळी पापण्या चिकटलेल्या असायच्या. नजर तर सदा वटारलेली. मापाचा डोळा करून मिळतो, हे तिथं मला कुणीच सांगितलं नाही, आणि याचा राग अजून आहे. ही माहिती पेशंटला पहिल्याच दिवशी मिळायला हवी.

मापाच्या डोळ्यासाठी थिवीहून कोकणकन्येनं मुंबई गाठली. दात बसवताना घेतात तसंच पातळ मिश्रण खोबणीत सोडून माप घेतलं. त्यावरून मेणाचा साचा केला आणि तो घालून मला वर, खाली, बाजूला बघायला लावलं. पापणी जिथं अडकत होती तिथलं मेण खरवडलं, पुन्हा घातलं, पुन्हा खरवडलं. मग मला खिडकीशी बसवून बुबुळ रंगवायला घेतलं. आपण ज्याला सरसकट काळा डोळा म्हणतो, त्यात तपकिरीच्या किती छटा असतात! पांढऱ्या भागावरच्या शिरांसाठी लाल रेशमाचे धागे एकेक सुटे करून चिकटवले. माझ्या उजव्या डोळ्याच्या कोपऱ्यात एक पिवळसर डाग आहे, तोसुद्धा डाव्यात उतरवला. तयार डोळ्याच्या कितीतरी पट पैसे गेले, पण माझ्या मते सगळ्यात सार्थकी लागलेला खर्च हाच.

आता तो हलतो, पण उजव्याइतका नाही. समोर आणि जवळपास बघताना कळत नाही. अगदी कडेला बघायचं झालं की मी मानच वळवते. बाहुली रंगवलेली असल्यामुळे अंधारात मोठी होत नाही, पण आपल्या गडद डोळ्यांत तो फरक कुणाच्या लक्षात येत नाही. अश्रू मात्र दोन्ही डोळ्यांना येतात. मावशी अजून विचारते, "त्या डोळ्यानं थोडं तरी दिसतं ना गो?" नाही दिसत, मावशी.

रोज काढून धुवायची गरज नाही. जितकी काढघाल जास्त, तितकी खोबण चिडते. काढायचा तेव्हा खाली जाड टॉवेल अंथरते, खालची पापणी ओढून वर बघते, आणि हवा ओढून डोळ्याला चिकटणाऱ्या छोट्या रबरी चोखणीनं तो अलगद बाहेर घेते. साध्या सौम्य साबणानं धुते. स्पिरिट किंवा सॅनिटायझर अजिबात नको, ॲक्रिलिकला बारीक तडे जातात. डोळा पुसताना पापणी मिटून नाकाच्या दिशेनं पुसायचं, म्हणजे वाटी सरकत नाही. काजळ मी सोडलं. ते आत जाऊन पृष्ठभागावर बसतं. एसीत कोरडेपणा जाणवतो, ऑफिसात थेंब लागतातच. शिगम्यात गुलालाचा दिवस मात्र त्रासाचा. घरी आल्याआल्या धुवावंच लागतं.

एका डोळ्यानं जगणं हे याहून कठीण, आणि त्यावर डोळा करणाऱ्याकडे उपाय नाही. चहा ओतताना किटलीची चोच कपाच्या कडेला टेकवते. चोडणच्या फेरीबोटीत चढताना फळी आणि धक्का यांतलं अंतर सुरुवातीला मुळीच कळत नसे. आता पुढच्याचं पाऊल बघून पाय टाकते. डावीकडून कुणी एकदम आलं की दचकते, म्हणून जेवायला बसताना सगळ्यांना माझ्या उजवीकडे बसवते. हे सरावानं जमतं, पण महिने लागतात.

पॉलिश वर्षातून एकदा तरी करून घ्यायचं. ओरखड्यांत घाण धरते आणि चिकट स्राव वाढतो. खोबणीचा आकारही बदलत जातो, त्यामुळे साधारण पाच वर्षांनी नवा डोळा लागेल असं सांगितलंय.

चष्म्याबद्दल मी हट्टी आहे. पॉलिकार्बोनेटच्या, म्हणजे सहज न फुटणाऱ्या प्लास्टिकच्या काचांचाच घ्या, नंबर नसला तरी घ्या. तो कृत्रिम डोळ्यासाठी नाही, उरलेल्या डोळ्यासाठी. नारळ सोलताना, फोडणीत मोहरी टाकताना, स्कूटरवर आणि कुळागरात तर तो माझ्या डोळ्यावर असतोच असतो.