डाउन पेमेंटसाठी ‘आगाऊ अनुदान’: पुण्यातील आमचा फसवणुकीचा अनुभव

मोशीतील ३० लाखांच्या वन बीएचके सदनिकेसाठी बँकेने आम्हा दोघांच्या पगारावर २४ लाखांचे गृहकर्ज मंजूर केले, तेव्हा उरलेले ६ लाख आणि मुद्रांक शुल्क व नोंदणीचा खर्च आम्हालाच उभा करायचा होता. यजमानांच्या पीएफमधून काढलेली रक्कम आणि माझ्या पाटल्या मोडून आलेले पैसे धरूनही पावणेदोन लाख कमी पडत होते. सासूबाईंकडून मला मिळालेल्या त्या पाटल्या मोडताना मला जे वाटले, ते मी येथे लिहीत नाही. पण त्या मोडल्यावर आता मागे फिरायचे नाही, असे आम्ही ठरवले होते आणि त्याच घाईचा फायदा घेतला गेला.

यजमानांच्या ओळखीतून भेटलेल्या एका एजंटाने सांगितले की, पंतप्रधान आवास योजनेतून पहिले घर घेणाऱ्यांना १ लाख ८० हजार रुपये मिळतात आणि ‘वरपर्यंत ओळख’ असल्यामुळे तो ती रक्कम डाउन पेमेंटसाठी आगाऊ काढून देईल. योजना खरी, जास्तीत जास्त मर्यादा म्हणून आकडाही खरा, म्हणून आम्ही विश्वास ठेवला. त्याने फाईलचे १८,५०० रुपये रोख घेतले आणि आठ दिवसांनी मंजुरीपत्र दाखवून ‘अनामत’ म्हणून आणखी २७,००० रुपये यूपीआयने घेतले. त्या पत्रावर राजमुद्रा होती, माझा पॅन क्रमांक अचूक होता. मात्र जांभळा शिक्का सहीवर उमटवलेला नव्हता, तर सहीखालच्या मोकळ्या जागेत होता आणि सही व शिक्का दोन्ही एकाच छपाईत आले होते. हे मला नंतर दिसले. पैसे घेणारे खाते यूपीआयवर एका व्यक्तीच्या नावाचे दिसत होते, ते मात्र तेव्हाच दिसले होते आणि तरीही मी पैसे पाठवले.

ते पत्र घेऊन मी बँकेत गेले, तेव्हा गृहकर्ज विभागातील मॅडमनी ते वाचून शांतपणे विचारले, “ताई, कर्ज वितरित व्हायच्या आधीच अनुदान कसे येईल?” मग त्यांनी नीट समजावले. सप्टेंबर २०२४ पासूनच्या योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात वार्षिक उत्पन्न ९ लाखांपर्यंत, घराची किंमत ३५ लाखांपर्यंत आणि कर्ज २५ लाखांपर्यंत असावे लागते, तसेच कुटुंबाच्या नावावर देशात कोठेही पक्के घर नसावे लागते. पहिल्या ८ लाखांच्या कर्जावर व्याजाची सवलत मिळते आणि ती पाच वार्षिक हप्त्यांत थेट कर्जखात्यात जमा होते. म्हणजे ही रक्कम डाउन पेमेंटसाठी हातात पडतच नाही. अर्जही आपला आपण संकेतस्थळावर करता येतो.

त्याच दिवशी आम्ही सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठीच्या १९३० या क्रमांकावर आणि नंतर पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवली, परंतु पैसे जाऊन नऊ दिवस झाले होते आणि त्या खात्यात काहीच उरले नव्हते. असा प्रकार लक्षात आला, तर तासाभराचाही विलंब न करता त्या क्रमांकावर फोन करावा, असे मी कळकळीने सांगते.

पैशांपेक्षा मोठी चूक मी कागदपत्रांत केली. आधार, पॅन, तीन महिन्यांच्या पगारपत्रकांच्या प्रती आणि दोन कोऱ्या कागदांवरील सह्या मी त्याच्याकडे दिल्या होत्या. चार महिन्यांनी बँकेने पुन्हा पतअहवाल तपासला, तेव्हा त्यात मी कधीही न मागितलेल्या वैयक्तिक कर्जाची चौकशी नोंदलेली आढळली. प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून (सिबिलसारख्या, कर्जांच्या नोंदी ठेवणाऱ्या) वर्षातून एकदा पूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो. कागदपत्रे कोणाला दिली असतील, तर तो लगेच काढून पाहावा. त्या नोंदीबाबत मी लेखी हरकत घेतली आहे आणि पोलीस तक्रारीची प्रत बँकेत दिली आहे. त्या हरकतीचा निकाल लागेपर्यंत आमच्या कर्जाचे वितरण थांबलेले आहे.