साडेआठ हजारांचं फुकट सर्टिफिकेट

गोव्यात कवळ्याला शांतादुर्गेच्या देवळाजवळ आमच्या घरातल्या तीन खोल्या आम्ही कुळाव्यांना (देवी ज्यांची कुलदेवता, त्या भाविकांना) राहायला देतो. खोल्यांची साइट घरातल्याच जुन्या कॉम्प्युटरवर चालते. होस्टिंगचं भाडं वाचवतो याचा मला भारी अभिमान. (वीज गेली की साइटही झोपते, ते सोडा.)

पत्त्याशेजारी 'नॉट सिक्युअर' दिसायचं. २०१८ च्या जुलैपासून क्रोम ब्राउझर सगळ्याच एचटीटीपी, म्हणजे माहिती उघडी पाठवणाऱ्या, साइटना हा शिक्का मारतं. शिवाय लोक फॉर्ममध्ये फोन नंबर भरतात, तो वाटेत कुणालाही वाचता येईल असा जातो, हे खटकत होतं. दिवाळीनंतर फोंड्यातल्या एका वेबसाइटवाल्याला बोलावलं. "काका, वर्षाचं एसएसएल सर्टिफिकेट, रीडायरेक्ट त्यातच. ८,५०० रुपये." (सर्टिफिकेट लावलं की भरलेली माहिती वाटेत वाचता येत नाही; रीडायरेक्ट म्हणजे जुन्या एचटीटीपी पत्त्यावर आलेल्याला सुरक्षित पत्त्यावर वळवणं.) रोख घेतले. बिल 'मागाहून' येणार होतं.

माघातल्या जत्रेच्या तोंडावर साइट उघडेना. ब्राउझर धोक्याची पाटी दाखवी आणि 'तरीही पुढे जा' हा नेहमीचा पर्यायही देईना. पुण्याच्या एका बाईंनी फोन करून विचारलं, "तुमची साइट हॅक झालीय का?" वेबसाइटवाल्याला फोन लावला. म्हणे, "रिन्यूअल आलं काका. चार हजार."

माझी भाची फर्मागुडीला इंजिनिअरिंग शिकते. तिने पत्त्याच्या डावीकडच्या चिन्हावरून सर्टिफिकेट उघडलं. देणारी लेट्स एन्क्रिप्ट ही फुकट सर्टिफिकेट देणारी संस्था, मुदत ९० दिवस. "मामा, हे फुकट मिळतं. सर्टबॉट नावाचा प्रोग्रॅम नीट लावला तर आपोआप रिन्यूही होतं." यानं ते हाताने काढून नुसतं चिकटवलं होतं. वर एचएसटीएस लावलं होतं, म्हणजे सर्टिफिकेट बिघडलं तर पाहुण्याला आत सोडूच नको, असं ब्राउझरला बजावून ठेवणं. एरवी चांगली गोष्ट, पण रिन्यूची सोय नसताना ती माझ्याच दाराला कुलूप झाली.

रीडायरेक्टही फक्त पहिल्या पानाला! व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या जुन्या लिंकवरून येणाऱ्या नव्या माणसाला फॉर्म अजून एचटीटीपीवरच उघडत होता. भाचीने सर्व पानांना ३०१ (कायमचा रीडायरेक्ट) लावला, रिन्यूची रंगीत तालीम घेतली. ८० नंबरचं पोर्ट, म्हणजे एचटीटीपीचं दार, 'सुरक्षेसाठी' बंद करा असं तो सांगून गेला होता; तिने ते उघडंच ठेवलं, कारण लेट्स एन्क्रिप्टची तपासणी आणि रीडायरेक्ट दोन्ही तिथूनच होतात.

मेहनतीचे हजार-दीड हजार मी आनंदाने दिले असते. पण वर्षाचं सांगून तीन महिन्यांचं विकलं, तेही फुकटातलं. तुम्ही पैसे देण्याआधी सर्टिफिकेटवर देणाऱ्याचं नाव आणि शेवटची तारीख बघा, आणि रिन्यू कोण करणार ते लिहून घ्या. मी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, पण हातात ना बिल ना पावती.

त्याने कॉम्प्युटरवर स्वतःचं एक लॉगिनही करून ठेवलं होतं. भाचीने ते काढून टाकलं. दोन दिवसांनी त्याचा मेसेज आला: "काका, पासवर्ड बदलला काय?"